एका थर्मासचे दोन पेपर

आमच्या फाटकावरची जाई शेजारच्या वहिनींनी ओरबाडलेली नव्हती. ती मी ओरबाडली होती. हे मी आजवर कॉलनीत कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच नाही. त्या पाल्यावरून तिनं आणि वहिनींनी एकमेकींशी बोलणं टाकलं त्याला आठ वर्षं होत आली, आणि एवढा मुरलेला अबोला एका वाक्यात मोडायची माझी छाती नाही.

काम मी भर दुपारी केलं. सोलापूरच्या उन्हाळ्यात दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नसतं, आणि घरातली माणसं कूलरसमोर आडवी झालेली असतात. चोरीला याहून चांगला मुहूर्त नाही. मी शिवणाच्या डब्यातली कात्री घेतली, उशीचा अभ्रा घेतला आणि वीस मिनिटांत तो वेल असा भादरला की संध्याकाळी बायको फाटकाशी उभी राहून किंचाळलीच.

आता वहिनींवर संशय जाण्याला कारण होतं. त्या रोज सकाळी फिरायला जाताना हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन निघत आणि कॉलनीतल्या ज्या ज्या कुंपणाबाहेर फूल डोकावेल ते देवाच्या नावानं पिशवीत टाकत. दुसऱ्या दिवशी बायकोनं त्यांना फाटकातच गाठलं.

"फुलं नेता ती देवाला म्हणून मी गप्प बसते. पाला कशाला नेलात?"

"पाला? मी काय शेळी आहे?"

"ते तुम्हालाच ठाऊक."

मी आत दाढी करत होतो. गालाला ब्लेड लागलं. त्या प्रकरणात मला झालेली शिक्षा एवढीच.

कबुली इथंच संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो. बायकोला पैठणी घेऊन दिली असती आणि वहिनींच्या घरी आंब्याची पेटी पाठवली असती. पण त्या पाल्यामागे एक थर्मास आहे, आणि थर्मासमागे एक बाई आहे. शेजारणीला फासावर चढू देणं ही गंमत झाली. त्या बाईचं तसं नाही.

मी मुलांचा डॉक्टर. त्यातही कॅन्सर झालेल्या मुलांचा. मोठ्या रुग्णालयात नोकरी, हाताखाली शिकणारे डॉक्टर, आणि नावामागे प्रकाशनांची अडीच पानी यादी. यादीत सगळे पेपर पोरांच्या कॅन्सरवरचे. कुणाची औषधं, कुणाचा आहार, घरची देखभाल. आणि मधेच एक पेपर जाईच्या पानांतल्या रसायनांवर. भजनी मंडळाच्या फोटोत एखादा पैलवान उभा असावा तसा तो तिथं उभा आहे. बढतीच्या मुलाखतीत एकानं चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "हे कसं काय?" मी म्हणालो, "वनस्पतींची आवड." घरी मी तुळशीला पाणीसुद्धा घालत नाही.

तर त्या वर्षी बढतीसाठी माझे दोन पेपर कमी पडत होते. हे लक्षात असू द्या, कारण पुढचं सगळं त्या दोनच्या आकड्यामुळे झालं.

वॉर्डात तेव्हा दुधनीकडची एक सहा वर्षांची पोर होती. रक्ताचा कॅन्सर. आई होती, बाप दुधनीच्या आडत बाजारात कामाला असल्यानं आठवड्यातून एकदा येई, आणि आजी होती. आजीला पोर अव्वा म्हणायची, म्हणून वॉर्डातले सगळेच तिला अव्वा म्हणू लागले. घरी कानडी, बाजारात मराठी, आणि दोन्हीत ती सगळ्यांना अरे-तुरे करायची. मोठे साहेब राऊंडला आले तरी म्हणायची, "ये बाबा, बघ पोरीला." साहेबांना ते आवडायचं. मला नाही आवडायचं. मला नुकतेच लोक सर म्हणायला लागले होते.

या औषधांनी तोंड येतं. आपण 'तोंड आलं' म्हणतो तेव्हा दोन-चार फोड डोळ्यासमोर येतात. या पोरांची गालापासून घशापर्यंत साल निघते. थुंकी गिळायची म्हटलं तरी डोळ्यांतून पाणी येतं. गुळण्यांची औषधं आम्ही देत होतो, पण ती पोर ती तोंडात धरेना. एक माणूस मात्र तिला खाऊ घालू शकत होता, ते म्हणजे अव्वा. ज्वारीची आंबील गार करायची, तर्जनीवर घ्यायची आणि बोट पोरीच्या ओठाशी नेऊन नुसतं थांबायचं. पोर कधी तरी वैतागून तोंड उघडायची. एका वाटीला दीड तास. आईला तेवढा धीर नव्हता, मला तर पाच मिनिटांचाही नव्हता.

अशात एकदा सिस्टर मला म्हणाली, "सर, त्या पोरीचं तोंड बरं दिसतंय की." ही आमची सिस्टर सोलापूरची, विणकरांच्या घरातली, घरच्या फोनवर तेलुगूत भांडायची आणि फोन ठेवला की त्याच आवाजात आमच्याशी मराठी बोलायची. मी म्हणालो, "आपलं औषध लागू पडलं." तिनं तापाचा तक्ता भरायला घेतला. नंतर कळलं की तिला थर्मास ठाऊक होता. वॉर्डातल्या सगळ्या आयांना ठाऊक होता. लाल झाकणाचा स्टीलचा थर्मास, त्यात कसल्याशा पाल्याचं उकळलेलं पाणी, आणि त्याच्या गुळण्या. डॉक्टरची पाठ वळली की लाल झाकण या खाटेवरून त्या खाटेवर फिरायचं. ठाऊक नव्हतं ते फक्त मला.

आता त्या दिवसाचं सांगतो. इथपर्यंत मी गमतीत आलो, कारण पुढचं सरळ सांगता येईल असं वाटत नव्हतं.

त्या पोरीच्या छातीतून नळी घातलेली होती. औषध त्यातून जायचं, रक्तही त्यातून काढायचं. ती नळी हाताळण्याआधी हात धुवायचे, चोळून धुवायचे, हा आमच्याकडचा पहिला नियम. मी दरवर्षी नव्या डॉक्टरांना तो तासभर शिकवतो. त्या सकाळी मी रक्त काढायला उभा राहिलो आणि खिशातला फोन वाजला. ऑफिसातला क्लार्क होता. म्हणाला, "सर, तुमची फाइल परत आलीय. दोन पेपर कमी पडतात." मी फोन खांद्यात धरला, मग हातात धरला, मग त्याच्याशी भांडलो, मग फोन खिशात टाकला आणि नळीला हात घातला.

सिस्टर म्हणाली, "सर, हात?"

मी म्हणालो, "धुतलेत."

दुपारी पोरीला थंडी वाजून ताप भरला. पांढऱ्या पेशी आधीच तळाला गेलेल्या. अशा पोराला ताप येणं म्हणजे काय हे आमच्या धंद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी धावत आलो. घाबरलेला डॉक्टर आणि चिडलेला डॉक्टर बाहेरून सारखेच दिसतात, याचा मी आयुष्यभर फायदा घेतला आहे. चादर झटकली तर उशीमागून थर्मास निघाला.

"हे काय आहे?"

"पाला हाय त्यात," अव्वा म्हणाली. "गुळण्याला."

"कसला पाला?"

"पाला रे. इख न्हाय."

मग मी ओरडलो. वीस खाटांचा वॉर्ड, भेटायची वेळ, पोरीची आई डबा घेऊन दारात उभी. मी म्हणालो की तुमच्या या घाण पाण्यानं पोरीला ताप आलाय, आम्ही इथं जिवाचं रान करतोय आणि तुम्ही मागून तिच्या पोटात जंतू घालताय, उद्या काही कमी-जास्त झालं तर त्याला जबाबदार तुम्ही. 'तुम्ही' म्हणताना मी थर्मासनं तिच्याकडे बोट दाखवल्यासारखं केलं. आतला पाला खळखळला. वॉर्डातल्या आया एकदम आपापल्या पोरांची पांघरुणं नीट करायला लागल्या. ज्यांच्या पोरांनी त्याच पाण्याच्या गुळण्या केल्या होत्या, त्या जास्तच.

थर्मास मी जप्त केला.

चौथ्या दिवशी पोरीचा ताप उतरला. त्याच दिवशी सिस्टरनं दोन कागद माझ्यापुढे ठेवले. एक पोरीच्या रक्ताचा. त्यात जो जंतू वाढला होता तो माणसाच्या कातडीवर राहणारा; नळीवाटे आत जाणाऱ्यातला. दुसरा थर्मासमधल्या पाण्याचा, कारण रागाच्या भरात मीच ते तपासायला पाठवलं होतं. त्यात काहीच वाढलं नव्हतं. अव्वा ते पाणी तीनदा उकळायची. आमच्या वॉर्डातल्या कूलरचं पाणी कधी तपासलं असतं तर तोंड लपवायला जागा उरली नसती.

मी दोन्ही कागद वाचले. सिस्टरनं माझ्या चेहऱ्याकडे बघितलंच नाही. ती माझ्या हातांकडे बघत होती.

"सर," ती म्हणाली, "आता तरी धुवून घ्या."

तिथून अव्वाची खाट पन्नास पावलांवर होती. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी पन्नास पावलं चाललोही, तिच्यापर्यंत पोहोचलो, आणि पोरीच्या पोटावर हात ठेवून म्हणालो, "छान. सुधारणा आहे." अव्वा खाटेच्या पायथ्याशी हात मांडीत घेऊन बसली होती. आंबिलीची वाटी सुनेच्या हातात होती, आणि पोर तोंड घट्ट मिटून अव्वाकडे बघत होती. अव्वा भिंतीकडे बघत होती.

मी पुढच्या खाटेकडे वळलो.

आता पेपरांचं. पहिला मी महिन्याभरात लिहिला: कॅन्सर झालेल्या मुलांना घरचे लोक जे काढे-पाले देतात त्यापासून सावध करणारा. उदाहरण म्हणून एक सहा वर्षांची मुलगी, सीमेलगतच्या गावची, तिची एक वयस्क महिला नातेवाईक, एक थर्मास, आणि ताप. रक्तात कातडीवरचा जंतू निघाला हेही मी लिहिलं, खोटं काही लिहिलं नाही. फक्त ते तिसऱ्या पानावर, तक्त्याच्या तळाला, बारीक अक्षरात. थर्मासच्या पाण्यात काही निघालं नाही हे जागेअभावी राहिलं. आणि शेवटी ते सोन्यासारखं वाक्य: काढ्याचा आणि तापाचा संबंध असण्याची शक्यता नाकारता येत नाही. आमच्या विद्येत या एका वाक्यावर किती माणसं प्रोफेसर झाली याची मोजदाद नाही. शक्यता तर कशाचीच नाकारता येत नाही. वहिनींनी पाला नेल्याची तरी कुठं नाकारता येते?

राहिला एक पेपर. थर्मास माझ्या टेबलावरच होता. त्यात एवढं काय आहे की पोरीचं तोंड खरंच बरं व्हायला लागलं होतं, हा प्रश्न मला पडला. शास्त्रज्ञाला पडावा तसा पडला असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं. मी तो घेऊन माझ्या एका मित्राकडे गेलो. तो कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा आणि त्यालाही पेपर हवाच होता. त्यानं आतला लगदा चिमट्यानं उचलून उजेडात धरला.

"जाईचं पान दिसतंय बे."

"नक्की?"

"आमच्या आईनं लहानपणी तोंड आलं की हेच चघळायला लावलंय. अजून आण की. चहाच्या गाळणीत उरतं एवढ्यावर पेपर होतो व्हय?"

म्हणून कात्री, म्हणून उशीचा अभ्रा, म्हणून भर दुपार. आता पेपरमध्ये काय लिहिलं ते ऐका. पानं कुठून गोळा केली, तर 'जिल्ह्याच्या कोरडवाहू पट्ट्यातील नैसर्गिक अधिवासातून'. ते आमचं फाटक. वनस्पतीची निवड कशी केली, तर 'स्थानिक जाणकारांच्या सविस्तर मुलाखतींवरून'. ती मुलाखत तुम्ही वर वाचलीच आहे: हे काय आहे, पाला हाय, कसला पाला, पाला रे. आम्ही पानांचा अर्क काढला, त्यातली तुरट द्रव्यं वेगळी केली, बशीतल्या जंतूंवर घालून बघितली, थोडेफार मेले. यानं कॅन्सरला काही होत नाही, आणि तसा दावाही आम्ही केला नाही. आलेल्या तोंडाला थोडा आराम पडू शकेल, एवढंच म्हटलं. तेवढ्यानं यादी पुरी झाली.

म्हणजे एका थर्मासमधून मी दोन पेपर काढले. पहिल्यात ते पाणी घातक असू शकतं, दुसऱ्यात गुणकारी असू शकतं. दोन्ही वेगवेगळ्या नियतकालिकांत छापून आले आणि एकाच्या वाचकानं दुसरं उघडायची शक्यता नव्हती. मला बढती मिळाली. मी वॉर्डात पेढे वाटले. पोर तेव्हा पुढच्या औषधांसाठी पुन्हा भरती होती; अव्वानं पेढा घेतला, पदराला बांधला. नंतर पोरीच्या तोंडात घालायला म्हणून सुनेकडे दिला.

पोर बरी झाली. औषधं संपली, केस आले, आता वर्षातून एकदा तपासणीला येते. आई तिला घेऊन आत येते. अव्वाही बरोबर असते, पण आत येत नाही. बाहेर औषधांच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसते. आणि मी इतकी वर्षं त्या दिवशी मागच्या जिन्यानं ये-जा करत आलो. या जिन्यात दिवे नाहीत. दोनदा पडलो.

यंदा पोर आली ती चौदा वर्षांची, दोन वेण्या, हातात मोबाइल. तपासणी झाली. तिच्या आईला मी औषधांची चिठ्ठी देऊन खिडकीकडे पाठवलं. पोर उठली नाही.

"सर, शाळेत प्रोजेक्ट दिलंय. ओळखीच्या शास्त्रज्ञाचं काम. मी तुम्हाला घेतलं."

मी खूश झालो. माणूस किती लवकर खूश होतो.

"तुमची यादी नेटवर हाय की. सगळं न्हाय कळलं, पण दोन वाचले, सायन्सच्या मॅडमकडनं समजून घेऊन. ह्यातली सहा वर्षांची मुलगी मीच ना?"

"पेपरमध्ये पेशंटची ओळख सांगत नाहीत."

"म्हणजे मीच." तिनं मोबाइलवर बोट सरकवलं. "आणि ही वयस्क महिला नातेवाईक आमची अव्वा. आणि हे दुसऱ्यातलं झाड म्हणजे अव्वाच्या थर्मासातला पाला; त्या पाण्याला जाईचाच वास यायचा. पहिल्यात म्हणता वाईट असू शकतं, दुसऱ्यात म्हणता चांगलं असू शकतं. सर, तुमचं 'असू शकतं' लई चालतं."

मी टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसलो.

"मी वर्गात काय वाचून दाखवू? अव्वा वाईट का चांगली?"

"चांगली," मी म्हणालो.

"मग आईला कोण सांगणार?" आता तिचा आवाज थट्टेचा नव्हता. "आई अजून तिला माझ्या ताटाला हात लावू देत न्हाय. वाढदिवसाला केकसुद्धा आईच भरवती. अव्वा लांबनं टाळ्या वाजवती."

आठ वर्षं. माझा असा समज होता, की गोष्ट वॉर्डात झाली आणि वॉर्डातच मिटली असेल. घरी गेल्यावर माणसं विसरतात असं मी धरून चाललो होतो. मी उठलो. कपाटाच्या खालच्या खणातून थर्मास काढला. लाल झाकण, बाजूला पोचा. मागच्या जिन्यानं नाही, पुढच्या दारानं बाहेर गेलो.

अव्वा बाकावर होती. वाळली होती, डोळ्याला चष्मा आला होता. मी शेजारी बसलो आणि थर्मास तिच्या मांडीवर ठेवला. तिनं झाकण उघडलं, नाक लावलं.

"च्या ठेवत हुतास व्हय ह्यात?"

"अधूनमधून."

"घासायचा तरी."

मग मी सांगितलं. म्हणजे जे सोपं होतं ते आधी सांगितलं. म्हणालो, अव्वा, तुमच्या पाण्यातला पाला मी नेला, तपासला, त्याच्यावर लिहिलं, माझं नाव झालं आणि तुमचं नाव कुठंच घातलं नाही. ती ऐकत होती. शेवटी म्हणाली, "कुठला पाला?"

"जाईचा."

तिनं माझ्याकडे बघितलं. मग पदर तोंडाला लावला, आणि मला वाटलं रडते आहे. खांदे हलत होते. ती हसत होती.

"जाई वासाला टाकली हुती रे! पोरगी कडू पाणी तोंडात घेईना, म्हणून वरनं जाईची फुलं, पानासकट. औषध येगळंच हुतं."

म्हणजे मी चोरी केली ती केली, आणि चुकीच्या वस्तूची केली. बायको आणि वहिनी आठ वर्षं भांडल्या त्या वासासाठी. माझी बढती वासावर झाली.

"मग औषध कशाचं होतं?" मी विचारलं. विचारल्यावर जीभ चावली, पण सवय वाईट.

"सांगत न्हाय जा," अव्वा म्हणाली. "परत बाटली न्हेशील."

आम्ही दोघंही हसलो. मला हलकं वाटलं. आता सुटलो असं वाटलं. आणि तेवढ्यात ती हसायची थांबली, खिडकीपुढच्या रांगेत पाठमोऱ्या उभ्या असलेल्या सुनेकडे बघत म्हणाली, "एक सांग. ताप माझ्या पाण्यानं आला का न्हाय?"

"नाही," मी म्हणालो.

"आं?"

"नाही आला. तुमचं पाणी स्वच्छ होतं."

"मोठ्यानं सांग की. त्या दिवशी मोठ्यानं बोलला हुतास."

तेवढ्यात सून औषधांची पिशवी घेऊन आमच्यासमोर येऊन उभी राहिली. सर बाकावर, सासूशेजारी, सासूच्या मांडीवर तो थर्मास. ती बिचारी गोंधळली. तिनं विचारलं, "काय म्हणताय सर?"

अव्वा माझ्या तोंडाकडे बघत होती. पोर दारात उभी राहून बघत होती. मला एक वाक्य बोलायचं होतं; तेच, आठ वर्षांपूर्वीचं. त्यात आता एक शब्द वाढला होता, तो म्हणजे 'माझ्या'.

मी म्हणालो, "छान. तब्येत छान आहे म्हणत होतो."

अव्वानं थर्मासचं झाकण लावलं. फिरवून, घट्ट. माझ्याकडे परत बघितलं नाही. सुनेनं थर्मासकडे बघितलं आणि विचारलं, "हा कशाला परत?" अव्वा म्हणाली, "माझाच हाय." तिघी फाटकाकडे निघाल्या. पोर मागे वळून एवढंच म्हणाली, "सर, प्रोजेक्ट सोमवारी द्यायचंय."

सोमवार होऊन गेला. तिनं काय लिहिलं ते विचारायचं धाडस मी केलेलं नाही.

दोन्ही नियतकालिकांना मी पत्रं पाठवली आहेत. एकाला कळवलं की थर्मासच्या पाण्याचा अहवाल मी दडवला, ते उदाहरण काढून टाका. दुसऱ्याला कळवलं की मुलाखती झाल्या नाहीत, अधिवास म्हणजे माझं फाटक, आणि झाडही चुकीचं. मित्राला आधी सांगितलं. त्यानं फोनवर शिवी दिली आणि सही केली. कागदावरची कामं मला जमतात. जाईचं बायकोला हे वाचूनच कळेल. ती आधी वहिनींकडे जाईल, मग माझ्याकडे वळेल, तेही भोगीन.

उरलं ते दुधनीला जाऊन करायचं आहे. पोरीच्या आईसमोर, घरच्या सगळ्यांसमोर, वॉर्डात ओरडलो होतो त्याच आवाजात मला सांगायचं आहे की ताप अव्वाच्या पाण्यानं आला नव्हता, माझ्या न धुतलेल्या हातांनी आला होता. ते मी अजून सांगितलेलं नाही.